फाउंडर भारी आहे? आधी वीजबिल बघा!

कॅम्पस प्लेसमेंट असो नाहीतर पहिला जॉब बदलायची खटपट, एक प्रसंग हल्ली बऱ्याच जणांवर येतो. एका स्टार्टअपची ऑफर हातात असते. पगार बरा, वर ‘ईसॉप’चं गाजर. घरी बाबा विचारतात, “कंपनी कोणाची आहे? माणूस कसा आहे?” मग तुम्ही फाउंडरचं नाव गूगल करता, आणि डोकं आणखी गरगरतं. एका लिंकवर तो ‘देशातल्या तरुणांचा आयकॉन’ असतो. दुसऱ्या लिंकवर कोणीतरी लिहिलेलं असतं की ‘तीन महिने पगार नाही, पळा इथून’. एका मुलाखतीत कंपनी नफ्यात असते, दुसऱ्या बातमीत तोटा दुप्पट झालेला असतो. पॉडकास्टमध्ये तो शून्यातून उभा राहिलेला असतो आणि कमेंट्समध्ये ‘आधीची कंपनी बुडवून आलाय’.

आता विश्वास कोणावर ठेवायचा?

बहुतेक जण इथे दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर ‘एवढी मोठी माणसं पैसे लावतात, ती काय वेडी आहेत का?’ म्हणत ऑफर घेऊन टाकतात. नाहीतर ‘सगळे चोर’ म्हणून सोडून देतात. दोन्हीत डोक्याला ताप कमी, पण दोन्हीत तपासणी शून्य. आणि इथे पणाला लागलेलं असतं ते तुमच्या करिअरचं एखाददुसरं वर्ष, खोलीचं भाडं आणि एज्युकेशन लोनचा हप्ता. म्हणून थोडा गृहपाठ केलेला बरा. तो वाटतो तितका अवघड नाही, आणि त्यातला बराचसा फुकटात होतो.

चाकणची गोष्ट

आपल्या अंगणातल्या एका उदाहरणापासून सुरुवात करू. जेनसोल इंजिनिअरिंग ही शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी. तिच्या प्रवर्तकांचं नाव ‘ब्लूस्मार्ट’ या इलेक्ट्रिक टॅक्सी सेवेशीही जोडलेलं. सौरऊर्जा, इलेक्ट्रिक गाड्या, प्रदूषणमुक्त शहरं... ऐकायला सगळं झकास. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी एक्स्पोमध्ये कंपनीने नवी इलेक्ट्रिक गाडी दाखवली आणि २८ जानेवारीला शेअर बाजाराला कळवलं, की आमच्याकडे ३०,००० गाड्यांच्या प्री-ऑर्डर आल्यात.

हा झाला दावा. आता तपासणीत काय निघालं ते बघा. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या ‘सेबी’ने १५ एप्रिल २०२५ ला अंतरिम आदेश काढला. त्यातल्या नोंदीनुसार कंपनीने पुराव्यादाखल जे करार दिले, ते ९ संस्थांबरोबरचे आणि २९,००० गाड्यांचे सामंजस्य करार होते. त्यात गाडीची किंमत नव्हती आणि ती कधी द्यायची हेही नव्हतं. म्हणजे ‘घ्यायला आवडेल’ एवढीच इच्छा. लग्नाच्या मांडवात ‘या एकदा जेवायला’ म्हणतात ना, तसं. त्याला कोणी जेवणाची ऑर्डर म्हणत नाही.

पुढचा भाग आपल्या चाकणचा. ९ एप्रिल २०२५ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे अधिकारी कंपनीच्या चाकणमधल्या प्लांटवर गेले. आदेशात नोंद आहे, की तिथे उत्पादन सुरू असल्याचं काही दिसलं नाही, दोन-तीन कामगार तेवढे हजर होते. मग अधिकाऱ्यांनी वीजबिलं मागितली. आधीच्या १२ महिन्यांतलं महावितरणचं सगळ्यात मोठं बिल होतं डिसेंबर २०२४ चं, साधारण १ लाख ५७ हजार रुपयांचं. गाड्या बनवणाऱ्या कारखान्याचं!

पैशांचा हिशोबही त्याच आदेशात आहे. कंपनीने इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी वित्तसंस्थांकडून ९७७ कोटींवर कर्ज घेतलं. त्यातले सुमारे ६६४ कोटी ६,४०० इलेक्ट्रिक गाड्या खरेदी करण्यासाठी होते. प्रत्यक्षात घेतल्या ४,७०४ गाड्या, सुमारे ५६८ कोटींना. कंपनीने स्वतःचा वाटा घालायचा होता तो धरला, तर २६२ कोटींचा हिशोब लागत नाही, असं सेबीने म्हटलं. त्यातला काही पैसा फिरून फिरून गुरुग्राममधल्या एका आलिशान फ्लॅटच्या खरेदीपर्यंत पोचल्याचंही आदेशात आहे. पुढच्या एक-दोन दिवसांत ब्लूस्मार्टच्या गाड्यांचं बुकिंग बंद झालं. ॲप उघडणाऱ्या ग्राहकांची गैरसोय झाली, पण खरा फटका बसला ड्रायव्हर आणि कर्मचाऱ्यांना.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अंतरिम आदेश म्हणजे प्रथमदर्शनी निष्कर्ष. तो अंतिम निकाल नव्हे, आणि संबंधितांना आपली बाजू मांडायचा हक्क असतो. तरीही तुमच्या-आमच्यासाठी यातला धडा स्पष्ट आहे. ३०,००० हा आकडा बोलायला एक वाक्य पुरतं, गाडी बनवायला वीज लागते. खरा धंदा मागे खुणा सोडतो: मीटरचं रीडिंग, गेटवरचे ट्रक, शिफ्ट संपल्यावर बाहेर पडणारी माणसं, भरलेला पीएफ. दोन माहित्यांमध्ये भांडण लागलं, की आधी ही खूण शोधायची.

भांडण नेमकं कशावरून?

दोन बातम्या एकमेकींच्या विरुद्ध दिसल्या म्हणजे त्यातली एक खोटीच असते असं नाही. बऱ्याचदा दोन्ही खऱ्या असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. तेव्हा आधी भांडणाचा प्रकार ओळखा.

पहिला प्रकार, तारखेचा घोळ. अमेरिकेतल्या ‘थेरानोस’ची एलिझाबेथ होम्स आठवते? रक्ताच्या एक-दोन थेंबांत ढीगभर तपासण्या करू म्हणणारी. ‘फोर्ब्स’ने २०१५ मध्ये तिची संपत्ती ४५० कोटी डॉलर धरली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने तिच्या तंत्रज्ञानावर प्रश्नचिन्ह लावलं आणि जून २०१६ मध्ये त्याच ‘फोर्ब्स’ने तो आकडा शून्यावर आणला. २०२२ मध्ये ती गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरली आणि तिला ११ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. पण इंटरनेटवर जुन्या कौतुकाचे लेख अजूनही आहेत. लिंक उघडली की मथळ्याच्या आधी तारीख वाचा.

दुसरा प्रकार, मापाचा घोळ. व्हॅल्युएशन, उलाढाल आणि नफा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बातमीत तिन्ही ‘कोटी’ म्हणूनच येतात. ‘बायजूज’चंच घ्या. २०२२ मध्ये कंपनीचं मूल्यांकन २,२०० कोटी डॉलरवर गेलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष उशिरा, २०२०-२१ चे ताळेबंद बाहेर आले. त्यात उत्पन्न होतं सुमारे २,४२८ कोटी रुपये आणि तोटा ४,५८८ कोटी रुपये. ‘देशातलं सगळ्यात मौल्यवान स्टार्टअप’ ही बातमीही खरी आणि ‘उत्पन्नापेक्षा तोटा जास्त’ हीसुद्धा खरी. मूल्यांकन म्हणजे पुढे काय होईल याबद्दल गुंतवणूकदाराने लावलेला अंदाज. तोटा म्हणजे जे होऊन गेलं ते. पुढे जून २०२३ मध्ये डेलॉइटने ऑडिटर म्हणून राजीनामा दिला आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश निघाला. बायजू रवींद्रन यांनी गैरव्यवहाराचे आरोप सातत्याने नाकारलेत, आणि कोर्टातल्या लढाया एका आदेशाने संपत नाहीत. पण ऑफर हातात घेऊन बसलेल्या मुलाला २०२२ मध्येच एक गोष्ट दिसू शकली असती: हिशोब वेळेवर येत नव्हते.

तिसरा प्रकार, शब्दाचा घोळ. टेस्ला कोणी सुरू केली? ‘इलॉन मस्क’ असं पटकन तोंडात येतं. कागदावर टेस्ला जुलै २००३ मध्ये मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टारपेनिंग यांनी नोंदवली. मस्क आले २००४ च्या फेब्रुवारीत, मोठे गुंतवणूकदार आणि चेअरमन म्हणून. २००९ मध्ये एबरहार्ड कोर्टात गेले आणि शेवटी तडजोड झाली, की पाच जणांनी स्वतःला सहसंस्थापक म्हणवून घ्यायला हरकत नाही. त्या पाचांत मस्कही आहेत. म्हणजे ‘मस्क संस्थापक’ हेही चुकीचं म्हणता येत नाही आणि ‘मस्कनी कंपनी सुरू केली नाही’ हेही. म्हणून ‘को-फाउंडर’, ‘सीरियल आंत्रप्रेन्योर’, ‘एक्झिट’ असे शब्द दिसले की थांबा. ‘एक्झिट’ म्हणजे कंपनी घसघशीत किमतीला विकली, की सामानासकट दुसऱ्याच्या गळ्यात मारली? शब्द एकच असतो.

चौथा प्रकार म्हणजे खरंच कोणीतरी खोटं बोलतंय. पण तिथे पोचण्याआधी वरचे तीन तपासून झालेले असावेत.

बोलणाऱ्याला खोटं बोलल्याची किंमत काय?

सगळी माहिती एका तराजूत तोलू नका. प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहा: हे खोटं निघालं, तर बोलणाऱ्याचं काय जाणार?

स्टेजवर, रीलमध्ये किंवा लिंक्डइनवर थाप मारली तर सहसा काहीच जात नाही. प्रेस रिलीज खोटं निघालं तर थोडी शोभा होते. वर्तमानपत्रात, वेबसाइटवर ‘ब्रँड पोस्ट’, ‘ॲडव्हर्टोरियल’, ‘इम्पॅक्ट फीचर’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल, तर ती जागा विकत घेतलेली आहे, पत्रकाराने तपासलेली नाही. शेअर बाजाराला कळवलेली माहिती, कंपनी निबंधकाकडे भरलेला ताळेबंद किंवा कोर्टातलं प्रतिज्ञापत्र खोटं निघालं, तर दंडापासून तुरुंगापर्यंत काहीही होऊ शकतं. त्यामुळे मुलाखतीत ‘आम्ही नफ्यात आहोत’ आणि ताळेबंदात तोटा असं दिसलं, तर ताळेबंदाचं वजन जास्त.

पुरस्कारांचं काय? सत्यमचं उदाहरण पुरेसं आहे. २००८ मध्ये कंपनीला चांगल्या कारभारासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं, की हिशोब वर्षानुवर्षं फुगवले होते. पाच हजार कोटींहून जास्त रक्कम कागदावर होती, बँकेत नव्हती. त्या कागदांवर नामांकित ऑडिटरची सही होती. म्हणून ताळेबंदाचं वजन जास्त असलं, तरी तो वेदवाक्य नाही.

आणि एक. कागद ज्याने दिला, त्यालाच ‘हा खरा आहे ना?’ असं विचारू नका. जेनसोलच्या प्रकरणात कर्जाचे हप्ते वेळेवर चालल्याची पत्रं पतमानांकन संस्थांना दिली गेली होती. संस्थांनी थेट कर्ज देणाऱ्यांकडे चौकशी केली, तेव्हा अशी पत्रं त्यांनी दिलीच नसल्याचं समोर आलं, असं सेबीचा आदेश सांगतो. एक ईमेल मूळ ठिकाणी गेला आणि चित्र पालटलं.

एका संध्याकाळचा गृहपाठ

हे सगळं सेबीला जमतं, आपल्याला कसं जमणार? बरंच जमतं. लॅपटॉप उघडा.

सुरुवात कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) साइटवरून. कंपनीचं नाव टाकलं, की मूलभूत माहिती फुकट दिसते: नोंदणीची तारीख, भरणा झालेलं भांडवल, संचालक, शेवटची वार्षिक सभा कधी झाली, शेवटचा ताळेबंद कुठल्या वर्षाचा. थोडी फी भरली तर ताळेबंदच वाचता येतो. मार्चअखेरच्या वर्षाचा ताळेबंद साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत दाखल व्हायला हवा. दोन-दोन वर्षं मागे असेल, तर ‘का?’ हा प्रश्न मुलाखतीत विचारण्याजोगा आहे. कर्ज तारण ठेवून घेतलेलं असेल, तर ‘चार्जेस’च्या यादीत तेही दिसतं.

प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा सीआयएन असतो. तो वाचायला शिका. इन्फोसिसचा बघा: एल ८५११० केए १९८१ पीएलसी ०१३११५. ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली. ‘केए’ म्हणजे कर्नाटक. १९८१ हे स्थापनेचं वर्ष. वेबसाइटवर ‘१५ वर्षांचा वारसा’ आणि सीआयएनमध्ये २०२१ असेल, तर वारसा कोणाचा ते विचारा. पण इथेही घाई नको. इन्फोसिस जन्मली पुण्यात, १९८१ मध्ये, आणि दोन वर्षांनी बेंगळुरूला गेली. फक्त सीआयएन बघून ‘इन्फोसिसचा पुण्याशी काय संबंध?’ असं म्हटलं, तर कागद वाचूनही चुकाल. कागद आजचा पत्ता सांगतो, प्रवास सांगत नाही.

संचालकाचा डीआयएन हाही कामाचा. एकाच नावाची शंभर माणसं असतात. कोर्टाच्या यादीत ‘सचिन पाटील’ दिसला म्हणजे तो तुमचाच सचिन पाटील असं नाही. डीआयएनवरून तो माणूस आणखी कुठल्या कंपन्यांत होता, त्यांतल्या किती चालू आणि किती बंद, हे कळतं.

मग ईपीएफओची साइट. तिथल्या ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’मध्ये कंपनीचं नाव टाकलं, की कुठल्या महिन्याचा पीएफ कधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला, ते दिसतं. फाउंडर म्हणतो ‘आम्ही ५०० जणांची टीम’ आणि पीएफ ६० जणांचा. बाकीचे कॉन्ट्रॅक्टवर असतील, इंटर्न असतील, किंवा नसतीलच. विचारायला जागा आहे. आणि पीएफ भरायला दर महिन्याला उशीर होत असेल, तर पगाराचा नंबर पुढचा असू शकतो.

शेवटी ई-कोर्ट्स, कंपनी न्यायाधिकरण (एनसीएलटी) आणि सेबी यांच्या साइट. बिल्डर असेल तर महारेरा. इथे काही सापडलं तर दचकू नका, वाचा. कोण कोणावर, कशासाठी? पुरवठादाराची थकबाकी, चेक बाउन्स, टॅक्सचा वाद आणि फसवणुकीचा गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एफआयआर म्हणजे आरोप, आरोपपत्र म्हणजे पोलिसांचं म्हणणं, निकाल म्हणजे निकाल. व्हॉट्सॲपवर तिन्हीला ‘घोटाळा’ म्हणतात, तुम्ही म्हणू नका.

माणसांना विचारा, पण नीट विचारा

कंपनी रिव्ह्यूच्या साइटवर एक स्टार देणारा नुकताच काढलेला असू शकतो आणि पाच स्टार देणारा एचआरच्या शेजारच्या खुर्चीवरचा. एकाच आठवड्यात एकाच सुरातले दहा कौतुकाचे रिव्ह्यू दिसले तर काय ते समजून घ्या. त्यापेक्षा लिंक्डइनवर सहा महिन्यांपूर्वी सोडून गेलेले दोन-तीन जण शोधा आणि मत विचारू नका. ‘सर कसे आहेत?’ याला उत्तर मिळतं ‘चांगले आहेत’. विचारा: पगार कुठल्या तारखेला व्हायचा? सोडल्यावर फुल अँड फायनल किती दिवसांत मिळालं? ईसॉप कोणाला तरी प्रत्यक्ष विकता आले का? तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच तारीख सांगितली, तर ती माहिती आहे. बाकी गप्पा.

अपयश म्हणजे लबाडी नव्हे

एवढं सगळं करताना एक सावधगिरी. नारायण मूर्तींची इन्फोसिसच्या आधीची ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ ही कंपनी चालली नव्हती. त्या काळी कोणी ‘आधीची कंपनी बुडवून आलाय’ एवढंच वाचून इन्फोसिसची ऑफर नाकारली असती तर? धंदा बसणं हा गुन्हा नाही. बघायचं ते हे, की बसताना माणूस कसा वागला. कर्मचाऱ्यांचे पगार दिले का? पुरवठादारांची देणी मिटवली का? आणि आज तो त्याबद्दल सरळ बोलतो का? जुनी बंद पडलेली कंपनी प्रोफाइलवर ठेवणारा आणि ती पुसून टाकणारा, यांत मी पहिल्याकडे मुलाखतीला जाईन.

शेवटी सगळं एका पानावर लिहा. तीन रकाने: दावा काय, सांगणारा कोण, आणि खोटं निघालं तर त्याचं काय जातं. खाली चौथी जागा ठेवा, ‘अजून माहीत नाही’. ती रिकामी राहणार नाही, आणि राहू नये. तुम्हाला फाउंडर देव की चोर याचा निकाल द्यायचा नाहीये. एवढंच ठरवायचंय, की ‘अजून माहीत नाही’च्या यादीसकट तुम्ही किती महिन्यांचा धोका घेऊ शकता. सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, तर थोडी जोखीम घ्यायला हरकत नाही. घर तुमच्याच पगारावर चालत असेल, तर हिशोब वेगळा.

आणि मुलाखतीच्या शेवटी “तुम्हाला काही विचारायचंय?” असं म्हणतील ना, तेव्हा ‘वर्क कल्चर’ विचारून वेळ घालवू नका. शांतपणे विचारा, “मागच्या वर्षीचा ताळेबंद दाखल झालाय का? पीएफ वेळेवर भरला जातो का?” चांगला फाउंडर खूश होईल, समोर कामाचा माणूस बसलाय म्हणून. आणि जो चिडला, त्याने तुमचा गृहपाठ फुकटात पूर्ण करून दिला.